धक्का मारायला माणसं किती?

ज्याच्याकडे गाडी नसते, त्याला गाडीतलं सगळ्यांत जास्त कळतं. भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत हा नियम इतका पक्का आहे की गाडी घेणारा माणूस आधी बँकेत जात नाही, चौकातल्या पानठेल्यावर जातो. तिथल्या बाकड्यावर बसलेल्या मंडळींपैकी एकाच्याही नावावर चारचाकी नसते; पण तुमसर-कटंगी रस्त्याने जाणाऱ्या निम्म्या गाड्यांत ही मंडळी कधी ना कधी बसून आलेली असतात. मालकाला आपल्या एका गाडीचा अनुभव, यांना पंचवीस गाड्यांचा. तोही फुकटात मिळालेला, म्हणजे डोकं शांत ठेवून घेतलेला. हप्ता भरणाऱ्याचं मत कधीच निःपक्षपाती नसतं.

बाकड्यावरचे प्रश्न चार. अ‍ॅव्हरेज किती, पत्रा कसा, मिस्त्री कोण आणि कट्टे, म्हणजे धान्याची पोती, किती मावतात. शोरूममधला पोरगा ज्या गोष्टी तासभर घोळवून सांगतो, त्यांतली एकही या यादीत नाही. सनरूफची माहिती गावात पहिल्यांदा आली, तेव्हा बाकड्यावर बराच वेळ कोणी बोललंच नाही. मग एक जण म्हणाला, "ऊन येऊ नये म्हनून आमी घरावर कवेलू फेरतो, अन् हे पैसे घेऊन छप्पर फोडून देते का जी?" मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातून गाडी चालवलेल्या कोणाकडेही याला उत्तर नसतं.

पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा.

"कंपनी किती म्हनते?"

"पंचवीस."

"म्हंजे अठरा."

हा हिशेब कोणी शिकवलेला नाही, तरी तो फारसा चुकत नाही. कंपनी जो आकडा छापते, तो खोटा नसतो, फक्त आपल्या रस्त्याचा नसतो. 1966 साली स्थापन झालेली एआरएआय नावाची संस्था पुण्यात आहे. गाडीची अशी तपासणी तिथे होते. गाडीची चाकं रोलरवर ठेवतात. ड्रायव्हर समोरच्या पडद्यावरची रेघ बघत वेग वाढवतो, कमी करतो. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि धुराडं नळीला जोडलेलं असतं. त्या धुराचा हिशेब करून गाडीने किती पेट्रोल खाल्लं ते काढतात. या सगळ्या काळात गाडी जागची हललेली नसते. न हलता किलोमीटर मोजायचे असतील, तर पंचवीसच काय, पन्नासही निघू शकतात. आमच्याकडे गाडी हलते, आणि हलते तेव्हा तिच्यात पाचाच्या जागी सात माणसं, मागे तांदळाचे दोन कट्टे, मांडीवर पोट्टे आणि समोरून खाणीचे ट्रक असतात.

शिवाय खरं अ‍ॅव्हरेज काढायला टाकी दोनदा फुल करावी लागते. पहिल्यांदा फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची आणि भागायचं. गावात टाकी फुल होते ती फक्त लग्नात, तीही नवरदेवाच्या बापाच्या पैशाने. एरवी पंपावर "पाचशेचं टाक" एवढीच भाषा. काटा कधी तळ सोडत नाही, त्यामुळे भागाकार कधी होत नाही. परिणामी अ‍ॅव्हरेज हा गावात गणिताचा नाही, अब्रूचा विषय आहे. मालक बावीस सांगतो, ऐकणारे मनातल्या मनात सोळा धरतात आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत चांगलं राहतं.

दुसरा प्रश्न पत्र्याचा. याची परीक्षा घेण्याचा मान डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेल्या एका दादाजींकडे आहे. नवी गाडी आली की ते उठतात. आधी धोतराचा सोगा खोचतात, मग चष्मा पुसतात. गाडीच्या रंगाकडे किंवा नावाकडे ढुंकूनही बघत नाहीत. डाव्या मागच्या दारापाशी जाऊन तर्जनीचं पेर वाकवतात आणि दोनदा ठोकतात. टक, टक. कान दाराजवळ नेतात. पुन्हा एकदा ठोकतात, या वेळी जरा खाली. मालकाने श्वास रोखलेला असतो. मग दादाजी बोट पुसत निकाल देतात, "पतला आहे जी." आजवर त्यांनी एकाही गाडीचा पत्रा जाड असल्याचं सांगितलेलं नाही.

त्यांच्या शब्दाला आव्हान देणं अवघड, कारण पोलादात मँगनीज लागतंच. ते लोखंडातल्या गंधकाचा उपद्रव आवरतं आणि पोलादाला बळकटी देतं. मँगनीज काढणाऱ्या मॉईल कंपनीच्या खाणी आमच्या आजूबाजूलाच. दादाजींचं म्हणणं, "आमी माल चांगला पाठवलोता. मंधात कोनी पतला केला, मले मालूम नाई."

गावातला एक पोट्टा नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने एकदा दादाजींना समजावलं. पत्रा जाड असणं आणि गाडी सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. धडकेचा जोर ते स्वतः पितं आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा मात्र पक्का ठेवलेला असतो. सगळी गाडीच रणगाड्यागत ताठ असली, तर तो जोर सरळ माणसाच्या छातीवर येतो. म्हणून 2023 च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडेही भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली आणि गाड्या ठोकून त्यांना तारे द्यायला लागले. दादाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे गाडी दबते अन् मानूस वाचते."

"हाव दादाजी."

"मंग हप्ता कोन भरते?"

"मानूसच."

"म्हनून तं म्हनतो, पत्रा जाड पायजे."

पोट्टा दुसऱ्या दिवशी नागपूरला निघून गेला. तरी त्याचं म्हणणंच खरं आहे, हे सांगायला हवं. दादाजींची मात्र दारावरची टकटक अजून सुटलेली नाही.

तिसरा प्रश्न, मिस्त्री कोण? शहरात माणूस गाडी घेतो आणि मग मिस्त्री शोधतो. इथे मिस्त्री ठरलेला असतो, त्याला जी गाडी येते ती घ्यायची. इथल्या रस्त्यांचा इतिहास पाहिला, तर तो मिस्त्रीला काय उघडता आलं याचाच इतिहास आहे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. मिस्त्रीने तिचं इंजिन पाहिलं आणि हे तर मोटरसायकलच्या थोडंसंच पुढे आहे, असं म्हणून ती आपलीशी केली. 1994 साली टाटा सुमो आली. तिचं नाव जपानी पैलवानावरून पडलं असा गावाचा समज; ते खरं तर सुमंत मुळगावकर या टाटांच्या मराठी माणसाच्या नावातल्या अक्षरांवरून ठेवलेलं आहे. मात्र तिच्यात माणसं ज्या हिशेबाने बसवली जात, त्यावरून गावाचाच समज जास्त पटतो. 2000 साली बोलेरो आली. खाली ट्रकला असते तशी चेसी, वर चौकोनी डबा आणि बोनट उघडलं की प्रत्येक भाग नावानिशी दिसतो. पंचवीस वर्षं झाली, गाव तिच्यावर अजून नाराज नाही.

मिस्त्रीचा अपमान झाला तो नॅनोच्या वेळी. 2009 साली लाख रुपयांची गाडी म्हणून देशभर गाजलेली नॅनो दारात आली. त्याने सवयीने समोरचं बोनट उघडलं आणि "अबे, इंजिन कोनी नेलं?" म्हणून ओरडला. इंजिन मागे होतं. मागे सामान टाकायला गेले, तर डिक्कीचं दार बाहेरून उघडत नव्हतं. कट्टा आत घालायचा तर मागची सीट वाकवून. एकच गाडी तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही प्रश्नांत एकदम नापास झाली. पण खरा घाव वेगळाच होता. सगळ्यांत स्वस्त गाडी असं तिचं नाव पडलं, आणि मोटरसायकलवरून उतरून गाडीत बसणाऱ्या माणसाला स्वस्त दिसायचं नसतं. ती ओळख पडायला नको होती, असं रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. पानठेल्यावर हे 2009 लाच ठरलं होतं: "लाखाची गाडी घेऊन लग्नाले जाशीन, तं लोक म्हनतीन, दीड लाखाचा बैलजोडा काऊन नाई घेतला?"

आता मिस्त्रीपुढे नवं संकट आहे. बोनट उघडलं की आत काळ्या प्लास्टिकचं झाकण. झाकण काढलं की वायरी. दिवा लागला तर लॅपटॉप जोडावा लागतो. आमचा मिस्त्री अशा गाडीसमोर हात मागे बांधून उभा राहतो आणि म्हणतो, "इचं दुखनं इलेच मालूम." पण तोच मिस्त्री जुनी गाडी तपासायला न्या, मग पाहा. तो ओडोमीटरकडे बघतच नाही. ब्रेकच्या पायडलचं रबर बघतो. मीटर चाळीस हजार सांगत असेल आणि रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर त्याला काय समजायचं ते समजतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचतो. 2319 असलं तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे मालक "नवे टाकले" म्हणतो ते बोलण्यापुरतंच. बोनटच्या नटांवरचा रंग उडालेला असेल, तर पुढचा भाग कधीतरी उघडला गेला आहे. दाराचं रबर ओढून आतली शिवण बघतो, गालिचा उचलून खाली चिखलाचा वास घेतो. शेवटी डावं मागचं दार बाहेरून निरखतो. खिडकीखाली लाल ओघळांची पुटं असली, तर गाडी आपल्याच भागातली, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनी वापरलेली. तिचा इतिहास विचारून मिळतो. ओघळ नसले, तर गाडी बाहेरची आणि भरवशाची नाही.

बाहेरची म्हणजे फार लांबची नव्हे. आमची हद्द संपली की मध्य प्रदेश. एमपी 50 पाटीची गाडी बालाघाटकडून स्वस्तात येते आणि माणूस भुलतो. मग तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, इकडचा कर आणि एमएच 36 मिळेपर्यंत भंडाऱ्याच्या फेऱ्या. दाखला हातात येतो तोवर गाडीचं स्वस्तपण संपलेलं असतं. बाकड्यावरचा सल्ला असा, "बायको तिकडची कर, गाडी इकडची घे." यातला पहिला अर्धा भाग अनुभवाचा आहे, सीमेवरच्या निम्म्या घरांत सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात आहे.

चौथा प्रश्न कट्ट्यांचा. हा धानाचा मुलूख. गाडी पाच माणसांची की सात, याला महत्त्व नाही. माणसं दाबून बसतात. कट्टे दबत नाहीत. इथे सरकार आडवं आलं. चार मीटरच्या आतल्या लहान गाडीला कर कमी, असं ठरल्यावर कंपन्यांनी टेप लावली. स्विफ्ट डिझायर 2008 साली आली तेव्हा चार मीटरपेक्षा लांब होती. 2012 च्या नव्या डिझायरची लांबी 3,995 मिलिमीटर भरली. कात्री चालली ती डिक्कीवर. दिल्लीत कराचा टक्का वाचला, नाकाडोंगरीत एक कट्टा कमी झाला. 2025 च्या 22 सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हाही चार मीटरची अट राहिलीच. गावात आनंद झाला. मग कोणीतरी विचारलं, "त्या कट्ट्याचं का झालं?"

विजेच्या गाडीचं प्रकरण बाकड्यावर अजून मिटलेलं नाही. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी वापरतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विजेच्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांतही मँगनीज असतं, हे नागपूरच्या पोट्ट्याने सांगितलं आणि घोळ झाला. दादाजी म्हणाले, "आमचा डोंगर नेला, पीठ केलं, डब्ब्यात भरला अन् आमालेच पंधरा लाखाले विकून रायले." त्यानंतर चार्जिंग स्टेशन कुठे होणार, यावर चर्चाच झाली नाही.

एवढ्या परीक्षा देऊन गाडी दारात येते. घेणं संपतं आणि ठेवणं सुरू होतं. विमा कंपनीच्या तक्त्यात गाडी सहा महिन्यांच्या आत 5 टक्के उतरते, वर्षाच्या आत 15 आणि पाचव्या वर्षी निम्मी. सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक मात्र त्यापेक्षा जास्त टिकतं. उन्हाळ्यात त्यावर पाठ चिकटते, पण काढायला कोणी धजत नाही. प्लास्टिक गेलं की गाडी जुनी. मग उंदीर. घरात धान, अंगणात धान, त्यामुळे उंदीर आणि उंदरांना वायरी. बोनटमध्ये तंबाखूची पानं ठेवावीत, वासाने उंदीर फिरकत नाहीत, हा उपाय सगळीकडे चालतो. आमच्याकडे चालला नाही. दुसऱ्या दिवशी तंबाखू गायब आणि वायर अर्धी. मिस्त्री म्हणाला, "अठीचे उंदीर आहेत जी. त्यायले सुपारी बी लागते."

पंधरा वर्षं झाली की कागद संपतो. पुन्हा नोंदणी करायची तर फी पूर्वी 600 रुपये होती, 2022 च्या एप्रिलपासून 5,000 झाली, वर हरित कर. मिळतात ती पुढची पाच वर्षं. त्यात 2019 च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना नव्या पाट्यांचा आदेश आला. मुलगा म्हणतो, मोडीत काढा. बाप म्हणतो, बघू. आणि या "बघू"पाशी खरा सवाल उभा राहतो: विकली तर किती येतील, हे कोणालाही विचारता येतं, ठेवण्याजोगी आहे का, हे कोणाला विचारायचं?

गावाकडे याचं माप आहे, फक्त ते कोणी बोलून दाखवत नाही. गाडी मागता येते का? रात्री दोन वाजता पोटुशी सून घेऊन तुमसरच्या दवाखान्यात जायचंय, महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला जायचंय, मंडईच्या जत्रेला पाहुणे उतरवायचेत, पोरीच्या बघण्याला चारचाकीतून उतरलेलं बरं दिसतं. अशा वेळी कोणत्या दारात जाऊन "काकाजी, किल्ली द्या ना" म्हणता येतं? नव्या कोऱ्या गाडीच्या दारात नाही. जिच्या बंपरला एक पोचा आहे, डाव्या दारावर लाल ओघळ आहेत आणि आतलं प्लास्टिक कोणत्यातरी वरातीत फाटलं आहे, तिच्या दारात. पहिला ओरखडा पडतो त्या दिवशी मालक जेवत नाही. दहावा पडतो त्या दिवशी तो किल्ली खुंटीला अडकवून ठेवतो, आणि त्या दिवसापासून ती गाडी ठेवण्याजोगी होते. पेट्रोल मागणाऱ्याने टाकायचं, पाचशेचं. परत करताना काटा होता तिथेच असला पाहिजे, म्हणजे तळाला.

यात मालकाचा तोटा आहे असं शहरातल्या माणसाला वाटेल. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत ती गाडी बांध्यांमधल्या रस्त्यावर चिखलात बसते, तेव्हा फायदा दिसतो. हाक मारावी लागत नाही. पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावर टाकून बायामाणसं येतात, ज्यांनी ज्यांनी किल्ली नेली ते सगळे येतात, खांदा लागतो आणि गाडी निघते. कोणी उपकार म्हणून येत नाही. प्रत्येकाला आपली एखादी रात्र आठवत असते.

हे माप नुकतंच एका मोठ्या गाडीला लागलं. एका ठेकेदाराने आणलेली, पांढरीशुभ्र, छप्पर उघडणारी, ऑटोमॅटिक. मालक मनाने चांगला, पण गाडी मागायची कोणाची हिंमत नव्हती आणि त्यालाही द्यायची नव्हती. एका लग्नाच्या मंडपाबाहेर ती सुरू होईना. रात्रभर आतले दिवे आणि गाणी चालू राहिली, बॅटरी बसली. मंडपातली माणसं जुन्या सवयीने धावली, मागे खांदे लागले. मिस्त्रीने खिडकीशी जाऊन हुकूम दिला, "सेकंड गेरात टाका, क्लच दाबून ठेवा, मी म्हनलो का सोडा."

"क्लच नाही याले."

"नाई म्हंजे?"

"गेर आपोआप पडते."

"मंग धक्क्यानं चालू होत नाई?"

"नाही होत."

लोकांनी खांदे काढून घेतले. इतकी माणसं मदतीला तयार असताना मदत घ्यायची सोयच नाही, अशी गाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. नवरदेव त्या गाडीतून जायचा होता, तो शेवटी बंपरला पोचा पडलेल्या बोलेरोतून गेला. ठेकेदार फोनवर भंडाऱ्याहून क्रेन बोलावत राहिला.

दादाजी मात्र सवयीप्रमाणे त्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराशी गेले. बोट वाकवून ठोकलं. टक, टक. कान लावला. जमलेल्यांनी श्वास रोखला. "पत्रा बरा आहे," दादाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. ठेकेदाराचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगून टाकलं:

"पन हे नागपूरचीच गाडी आहे जी. तठी मानसं कामात रायतात, अन् क्रेन रिकामी."